वसंत आला हे तुमच्या परड्यात आधी कोण सांगतं?

परडंकरीण | रविवार, सकाळी ११:२०

मंडळी, पहाटे अजून गोधडी सुटत नाही आणि दुपारी अंगणात उभं राहवत नाही, असे दिवस आलेत. उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालू आहेत, गुऱ्हाळाचा वास गावभर आहे, म्हणजे माणसांच्या हिशेबात अजून हिवाळाच. परड्यात मात्र वेगळीच गडबड सुरू झालीय, म्हणून धागा काढते.

आमचं गाव भोगावतीकाठी, करवीर तालुक्यात. परडं म्हणजे बाग म्हणावी असं काही नाही. एक जुना रायवळ आंबा, शेवगा, फणस, चिकू, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेल्या केळी आणि अळू, कुंपणाला पांगारा आणि उंदीरमारी, सासूबाईंची जास्वंद. मागं शेणी थापायची भिंत आणि भिंतीपलीकडं लगेच ऊस.

माझं म्हणणं असं की आमच्याकडं वसंत आधी कानाला कळतो, डोळ्याला नंतर. आणि तो कोकीळ सांगत नाही, तांबट सांगतो. थंडीत हा पक्षी असतो गावातच, वडा-पिंपळाची फळं खात हिंडतो, पण गप्प. जानेवारी सरत आला की एक दिवस उन्हं चढल्यावर पांगाऱ्याच्या शेंड्यावरनं टुक्‌ टुक्‌ टुक्‌ सुरू होतं. मिनिटाला शंभराच्या आसपास सहज भरतील. आणि हे सगळं बंद चोचीनं! गळा तेवढा फुगतो. दर टुक्‌ला मान वेगळ्या बाजूला वळते, त्यामुळं आवाज कुठनं येतोय याचा पत्ता लागत नाही. चिमणीहून जरासा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल, गळा पिवळा. पानांत असला तर दिसायचा नाही, पण पांगारा या दिवसांत उघडा असतो म्हणून सापडला.

दुसरा शिंजीर. नराचे थंडीतले कपडे मादीसारखेच असतात: वरून मातकट, खालून फिकट पिवळा, फक्त हनुवटीपासून पोटापर्यंत एक काळी रेघ. सध्या शेवग्यावर जो येतोय त्याचं काम अर्धवट झालंय. खांद्यावर जांभळी चमक आलीय, डोकं अजून मातकट आणि छातीवर शाळेच्या शर्टावर शाई सांडावी तसे डाग. परवा खिडकीतनं हाताच्या अंतरावर बघितला. शेवग्याच्या फुलात नीट समोरून चोच घालतो, पण जास्वंदीशी लबाडी. फुलाच्या बुडाशी बाहेरनं भोक पाडतो आणि मध ओढतो. पराग अंगाला लागतच नाहीत, म्हणजे फुलाला फायदा शून्य. सासूबाईंचं म्हणणं, "खाऊ दे, देवाला आठ फुलं बास होतात."

झाडांचं तर सगळंच एकदम चाललंय. सीताफळ पार उघडं पडलंय, त्याच्या शेजारी आंबा मोहोरानं वाकलाय. फणसाच्या खोडाला कुयऱ्या धरल्यात. पिंपळ अजून पानं गाळतोय, तांबूस पालवी यायला वेळ आहे. शिशिर आणि वसंत आमच्यात एकाच अंगणात नांदतात.

तुमच्याकडं आधी कोण बोललं? तालुका सांगा, झाड सांगा. फोटो नसला तरी चालेल.


गुऱ्हाळवाला | रविवार, दुपारी १:०५

ताई, लई भारी धागा. पण तांबटाचं आपल्याला पटत न्हाई बगा. आमच्यात पयला भारद्वाज. गुऱ्हाळावर पहाटंपासनं काईल चढल्याली असत्या, मागल्या उसात हा कूप कूप कूप सुरू. सकाळच्या वक्ताला पाल्यावर पंख पसरून उन्हं खात बसतोय, आपण जवळ गेलं तरी लवकर हलत न्हाई. आई म्हणती भारद्वाज दिसला की गोड खायला मिळतंय. म्हटलं आई, गुऱ्हाळावर बसून आणि काय मिळणार?


कोथरूडकर_नाना | रविवार, दुपारी ३:४८

छान लिहिलंय. पण एक शंका. वसंत ऋतू म्हणजे चैत्र-वैशाख ना? माघात कसला वसंत? की हेही हवामानबदलाच्या खात्यात टाकायचं?


आबा_पन्हाळकर | रविवार, रात्री ८:३०

नाना, चैत्र-वैशाख बरोबरच आहे, पण ते चांद्रमासांचं गणित झालं. पंचांगात दुसराही हिशेब असतो. सूर्य सायन मीन राशीत गेला की, म्हणजे १८-१९ फेब्रुवारीच्या सुमारास, सौर वसंत ऋतू सुरू होतो. शिवाय वसंतपंचमी कधी? माघ शुद्ध पंचमीला. म्हणजे जुन्या माणसांनीसुद्धा पहिली चाहूल माघातच धरली होती. हवामानबदल आहेच, पण हा माघातला वसंत त्याच्या फार आधीचा आहे.

माझी खूण म्हणाल तर काटेसावर. माघातल्या रविवारी जोतिबाचे खेटे घालायला आम्ही चालत जातो. अंधारात निघायचं, डोंगर चढताना उजाडतं, आणि मग उतारावर एकेक सावर दिसायला लागते. एक पान नाही, नुसती लाल फुलं. फूल हातात घेऊन बघा, पाकळी केवढी जाड असते. आत मध एवढा की फूल कलंडलं तर हाताला चिकटतं. त्या एका झाडावर जमलेली गर्दी बघत अर्धा तास कुठं जातो कळत नाही. साळुंक्या, बुलबुल, टकाचोर, कावळे, मधूनच हळद्या, खारी तर कायमच्या. भांडणं चालू, चोची परागानं पिवळ्या. वानरं आली की मात्र सगळे उडतात, कारण ती फुलंच्या फुलं खातात.

बरोबरची मंडळी "चांगभलं" म्हणत पुढं जातात आणि मी मान वर करून मागं राहतो. घरच्यांनी आता वाट बघणं सोडलंय.


बायोमास्तर | सोमवार, सकाळी ७:१२

आबांनी पंचांग सांगितलं, मी जरा शरीरातलं सांगतो.

पक्ष्यांना थंडी कमी झाली हे कळतं, पण ते त्यावर फारसे विसंबत नाहीत. थंडी एखाद्या वर्षी लवकर जाते, एखाद्या वर्षी रेंगाळते. दिवसाची लांबी मात्र दरवर्षी त्याच तारखेला तेवढीच असते. कोल्हापूर साधारण पावणेसतरा अक्षांशावर आहे. इथं डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवस ११ तासांपेक्षा थोडा मोठा आणि जूनमधला सगळ्यात मोठा दिवस १३ तासांपेक्षा थोडा मोठा. फरक दोनच तासांचा. युरोपात हाच फरक आठ-दहा तासांचा होतो, म्हणून तिकडचा वसंत एकदम धाडकन येतो. आपल्याकडं तो हळूहळू मुरतो.

हा प्रकाश मोजायला पक्ष्यांना फक्त डोळे लागत नाहीत. कवटीतून पाझरणारा उजेड मेंदूतल्या काही पेशींना थेट कळतो. तिथून संप्रेरकांची साखळी सुरू होते. थंडीत अगदी आक्रसून गेलेल्या नराच्या वृषणग्रंथी कित्येक पटींनी वाढतात, आणि मग गळा सुटतो, रंग चढतो, भांडणं लागतात. परडंकरीण ताईंच्या शिंजिराच्या छातीवरची शाई याच हिशेबातली.

उष्ण प्रदेशात पाऊस आणि अन्न यांचाही हात असतो, म्हणून सगळे पक्षी एकाच वेळी विणीला लागत नाहीत. सुगरण बघा, वसंताला भीक घालत नाही, तिला पावसाची चाहूल आणि हिरवं गवत लागतं. तांबटाला फळं आणि मऊ लाकूड मिळालं की पुरे. ज्याचं त्याचं टाइमटेबल.


माळकरी_शिरोळ | सोमवार, दुपारी १२:४०

तुमच्या पश्चिम भागाचं वेगळं आणि आमचं वेगळं. एकाच जिल्ह्यात गगनबावड्यात पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस आणि आमच्या शिरोळात पाचशेच्या आसपास. म्हणून तुमच्याकडं फणसाच्या कुयऱ्या आणि आमच्याकडं शाळू.

आमची खूण भोरड्या. शाळू दाण्यात आला की ढगासारख्या उतरतात असं लोक म्हणतात, पण खरं तर त्या यायच्या आधी आवाज येतो, एक चिवचिवाटाचा गलका. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. पुस्तकात पळसमैना. आमची आजी माळ्यावर बसून गोफण फिरवायची, आता आम्ही पत्र्याचा डबा वाजवतो. दाणे खातात हे खरं, पण टोळ, नाकतोडे, अळ्याही खातात, हे वडील सांगायचे.

शाळू काढून झाला की याच भोरड्या पळसावर आणि पांगाऱ्यावर जातात आणि फुलांतला मध पीत बसतात. डोकं पार परागानं माखलेलं. मार्चनंतर थवे पातळ होत जातात, एप्रिलमध्ये गेल्याच म्हणायच्या. मध्य आशियात त्यांची वीण. आपल्याकडं वसंत आला म्हणून आपण खूश आणि यांची निघायची घाई.

तांबट आमच्याकडंही आहे, पण त्याची टुकटुक पंपाच्या आवाजात कुणाला ऐकू येणार?


आजऱ्याची_माहेरवाशीण | सोमवार, रात्री १०:१५

धागा वाचून जीव तुटला हो. ठाण्यात आठव्या मजल्यावर बसून वाचतेय. आमच्या माहेरी या दिवसांत काजूला मोहोर असायचा. संध्याकाळी वारा पडला की त्याचा गोडसर वास ओसरीपर्यंत यायचा. बोंडं येईपर्यंत आम्ही रोज झाडाखाली चक्कर मारायचो, उगीचच.

इथं खाली सोसायटीत एक काळा-पांढरा पक्षी आहे. पहाटे पाचला अँटेनावर बसून शीळ घालतो. इतकी गोड की अलार्म लावायचं सोडलं. दोन महिन्यांपूर्वी होता, पण नुसता जमिनीवर फिरायचा आणि चर्रर करायचा. हाच का तो?


बोरू_वटवट्या | मंगळवार, सकाळी ६:५०

@आजऱ्याची_माहेरवाशीण ताई, दयाळ. शेपटी वर करून चालतो ना? नर काळा-पांढरा, मादीत काळ्याच्या जागी राखाडी. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात त्याचा गळा सुटतो तो पावसाळ्यापर्यंत. थंडीतली चर्रर म्हणजे नुसती ओरड, आता जे ऐकताय ते गाणं.

कोकिळेबद्दल थोडं. कोकीळ कुठं जात-येत नाही, आपल्याकडं वर्षभर असतो, फक्त गप्प असतो. कुहू करतो तो काळा नर. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची, तिचं नुसतं किक किक किक. कावळ्याच्या घरट्यात अंडं घालायचं असल्यामुळं तिला कावळ्याच्या मुहूर्तावर चालावं लागतं, आणि कावळे घरटी बांधतात उन्हाळ्यात. म्हणून कोकीळ फेब्रुवारीत एखाद-दुसरी तान मारून बघतो, रंगात येतो ते मार्च-एप्रिलमध्ये. तेव्हा परडंकरीण ताईंना माझं अनुमोदन. पहिला मान तांबटाचा.

मी विद्यापीठाच्या परिसरात सकाळी फिरतो. तिथं मोर आहेत, त्यांचं ओरडणंही आता वाढलंय, पण माझं लक्ष जाणाऱ्यांकडं जास्त असतं. पांढरा धोबी अजून आहे, मार्चअखेर दिसेनासा होईल. ज्याचं नाव मी घेतलंय तो बोरू वटवट्या झुडपात चक्‌ चक्‌ करतोय, एप्रिलपर्यंत तोही जाईल. हे मातकट पक्षी कुणी बघत नाही. वसंत म्हटलं की लोक रंगीत आणि गाणारेच मोजतात. झुडपातली ती चक्‌ चक्‌ थांबली हीसुद्धा वसंताचीच खूण, पण न ऐकू येणारी गोष्ट लक्षात ठेवायला वहीत तारीख लिहावी लागते.

लिहायची हौस असेल त्यांच्यासाठी: फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची मोजणी होते, ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट. निदान १५ मिनिटं एका जागी थांबून दिसले-ऐकले ते पक्षी मोजायचे आणि ईबर्ड या संकेतस्थळावर टाकायचे. परडं चालतं, गच्ची चालते. झाडांसाठी सीझनवॉच आहे, त्यात एकच झाड धरून पालवी, फुलं, फळं यांची नोंद करत राहायचं. ताई, तुमचा रायवळ घाला त्यात.


फळबागवाला | मंगळवार, दुपारी २:२५

सगळं कौतुक वाचलं. आता थोडं रूक्ष बोलतो.

परडंकरीण ताई, आंबा मोहोरलाय म्हणताय, तर बघा. नदीकाठी सकाळी धुकं असतं, त्यात मोहोरावर भुरी येते. पांढरी पावडर धरल्यासारखा मोहोर दिसला तर पाण्यात मिसळणारं गंधक फवारा. तुडतुड्यांसाठी कीटकनाशक मात्र फुलं पूर्ण उमललेली असताना मारू नका. आंब्याचं परागीकरण बहुतेक माश्या करतात, मधमाश्याही करतात. त्याच मेल्या तर मोहोर नुसता बघायला राहील. फवारणी मोहोर फुटताना तरी करा, नाहीतर फळ धरल्यावर. पाणीही आत्ता देऊ नका, वाटाण्याएवढी कैरी दिसली की सुरू करा.

आणि झाडावरच्या वाळल्या फांद्या काढा. बांडगूळ असेल तर तेही मुळासकट.


परडंकरीण | मंगळवार, रात्री ९:०५

@फळबागवाला दादा, फवारणीचं लिहून घेतलं, धन्यवाद. पण वाळक्या फांदीवर माझा जीव अडकलाय. आंब्याची दक्षिणेची एक जाड फांदी दोन वर्षं वाळलेली आहे. तिथंच पोपटाची जोडी सारखी येऊन बसते, एका ढोलीत डोकावते, पुन्हा बाहेर येऊन भांडते. मालक म्हणतात सरपणाला काढू. मी अडवून धरलीय. काढलीच पाहिजे का?


फळबागवाला | मंगळवार, रात्री ९:४०

ताई, आधी फांदीच्या बुंध्याशी बघा, लाकडाचा भुसा पडतोय का. पडत असेल तर भिरूड आहे. त्याची अळी साल आणि लाकूड पोखरत खोडात उतरते, मग सगळं झाडच जातं. पोपट दुसरीकडं जाईल, पन्नास वर्षांचा रायवळ परत येणार नाही.


बोरू_वटवट्या | मंगळवार, रात्री १०:२२

दादा, पोपट दुसरीकडं कुठं जाणार? पोपट, साळुंकी, पिंगळा, दयाळ, यातलं कुणीही स्वतः भोक कोरत नाही. तांबट आणि सुतारपक्षी कोरतात, बाकीचे जुनी ढोली शोधतात. गावागावांत रस्ता रुंदीकरणात जुनी झाडं गेली, परड्यात वाळली फांदी दिसली की कोयता. मग दिवाणखान्याच्या व्हेंटिलेटरमध्ये साळुंकी आली की आपणच तक्रार करणार.


फळबागवाला | बुधवार, सकाळी ६:३०

भावा, मी पक्ष्यांचा वैरी नाही. माझ्या बागेत तीन पिंगळे आहेत आणि उंदीर मारायचं निम्मं काम तेच करतात. पण ज्याचं पोट झाडावर आहे त्याला भिरूड म्हणजे काय ते विचारा.


आबा_पन्हाळकर | बुधवार, सकाळी ८:१५

दोघंही थांबा. भिरूड असलं तरी लगेच कोयता नको. भोकातनं तार घालून अळी ओढून काढता येते, मग औषधाचा बोळा घालून चिखलानं भोक लिंपायचं. फांदी पुरती वाळली असेल आणि भुसा पडत नसेल तर ती झाडाला काही करत नाही. फक्त खाली माणसं, म्हशी बसत नाहीत ना, एवढं बघायचं.

आणि तांबटाला आंब्याची फांदी लागतच नाही. चोच केवढीशी त्याची. त्याला हवं कुजकं, मऊ लाकूड: शेवगा, पांगारा, उंबर. फांदीच्या खालच्या अंगानं गोल भोक पाडतो म्हणजे पाऊस आत जात नाही. ताईंकडं शेवगा आणि पांगारा दोन्ही आहेत. त्यांच्या वाळल्या फांद्या ठेवा, त्यांचं सरपण तसंही फुसकंच.


परडंकरीण | बुधवार, दुपारी १२:५०

आबा, शिडीवर चढून बघितलं. भुसा नाही. पोपट आतनं बाहेर माझ्याकडं बघत होता. फांदी राहिली. मालकांना म्हटलं, सरपण मी दुसरीकडनं आणते.

बांडगुळाचं मात्र दादांचं ऐकते. फांद्यांवर तीन ठिकाणी आहे, लालसर नळीसारखी फुलं आलीत. त्यावर एक अगदीच बारका, अंगठ्याएवढा पक्षी चिक्‌ चिक्‌ करत असतो, रंग काहीच नाही. तो कोण?


बोरू_वटवट्या | बुधवार, दुपारी १:३०

फुलटोच्या. बांडगूळ आणि तो यांची भागीदारी आहे. त्याची फुलं हाच उघडतो, फळंही हाच खातो, आणि चिकट बी विष्ठेतून बाहेर येताना चिकटतं म्हणून फांदीवर बूड घासून टाकतो. तिथंच नवं बांडगूळ उगवतं. तुमच्या आंब्यावरची तिन्ही त्याच्याच कृपेनं. काढा बिनधास्त, पण बांडगुळाच्या खालून फांदी धरून कापा, नुसतं वरवर तोडलं की परत फुटतं. शेजारच्यांच्या आंब्यावर एखादं असेलच, त्याचं पोट भरेल.


गुऱ्हाळवाला | बुधवार, रात्री ८:००

बांडगूळ म्हणजे आमच्या भावकीतलं एक नाव आठवलं, पण जाऊ दे.

ताई, तुमच्या भिंतीपलीकडचा ऊस कवा तुटणार? तोड झाली की पाचट पेटवू देऊ नका. गेल्या साली आमच्या बांधाला पेटवलं, तेव्हा वटवट्यांची जोडी धुरावर फिरत होती. टिटवीबी तिथंच ओरडत होती. तिचं घरटं म्हणजे काय, उघड्या ढेकळात चार अंडी. आता आम्ही पाचट सरीत पसरतोय, पाण्याची पाळी लांबत्या, जमीन भुसभुशीत राहत्या. आधी लोक हसायचे, आता इचारायला येत्यात.


माळकरी_शिरोळ | बुधवार, रात्री ९:१०

+१. पाचटाबद्दल शंभर टक्के. तोडीनंतर रान मोकळं झालं की बगळे, साळुंक्या, धोबी सगळे उतरतात, नांगरामागं तर रांगच. जाळल्यावर फक्त घारी येतात.


चंदगडी_पोर | गुरुवार, दुपारी ४:३५

वाचनखूण साठवली. पहिल्यांदाच लिहितोय.

मागच्या आठवड्यात दाजीपूरला गेलो होतो. तिथं तांबटाचा मोठा भाऊ भेटला, पांढऱ्या गालाचा कुटुरगा. कुटुर्र कुटुर्र, एकानं सुरू केलं की दरीपलीकडनं दुसरा उत्तर देतो, दिवसभर. गवा दिसला नाही, पण गव्याच्या शेणाजवळ फुलपाखरं बसलेली दिसली. अंजनीला निळ्याजांभळ्या कळ्या धरल्यात. झाडं सदाहरित त्यामुळं पानगळ अशी दिसतच नाही, नवी लाल पालवी मधे मधे डोकावते तेवढीच.

एक प्रश्न. आमच्या चिकूवर शिंपी घरटं शिवतोय. दोन पानं एकत्र आणलीत. किती जवळ जाऊन फोटो काढला तर चालेल?


बोरू_वटवट्या | गुरुवार, सायंकाळी ७:२०

शिवत असताना अजिबात जाऊ नका. शिवणारी बहुतेक मादीच असते, आणि या टप्प्यावर बिथरली तर ती घरटं सोडून देते. लांबूनच दुर्बिणीतून बघा. पानाच्या कडेला चोचीनं भोक पाडते, त्यातनं कोळ्याचं जाळं नाहीतर कापसाचा धागा ओढून घेते. गाठ मारत नाही, धाग्याचं टोक पलीकडं पिंजारतं आणि अडकून बसतं. पानं जिवंत राहतात, म्हणून घरटं हिरव्यात हिरवं. पिल्लं उडून गेली की मग हवे तेवढे फोटो काढा.

आणि घरट्यासमोरची आड येणारी पानं खुडून फोटो काढणारे लोक असतात. तसं करू नका, कावळ्याला रस्ता दाखवल्यासारखं होतं.


परडंकरीण | शुक्रवार, सकाळी १०:००

केवढं काय काय जमलं! नाना, चैत्रात परत धागा वर काढा, तेव्हा तुमच्या वसंताची हजेरी घेऊ.

सगळ्यांना एक विनंती, परड्यात पाण्याचं पसरट भांडं ठेवा. मातीचं, दोन बोटं खोल, मधे एक दगड म्हणजे बारक्या पक्ष्यांना उभं राहता येतं. रोज पाणी बदला, नाहीतर डास होतात. मोगरा छाटला नसेल तर आत्ता छाटून घ्या, नवी फूट कळ्या घेऊनच येते. छाटलेल्या काटक्या ढिगानं कोपऱ्यात ठेवल्या तर बुलबुल त्यातनं बारीक बारीक उचलून नेतात.

आता माझीच एक अडचण. अंगणात मालकांची मोटरसायकल उभी असते. दोन दिवस एक दयाळ येऊन तिच्या आरशावर चोची मारतोय. उडतो, आदळतो, परत येतो. आरसा विष्ठेनं भरलाय. त्याला काही झालंय का?


बायोमास्तर | शुक्रवार, सकाळी ११:१५

झालंय, वसंत झालाय. आरशात त्याला दुसरा नर दिसतो आणि आपल्या हद्दीत घुसलेला हा हटत कसा नाही, याचा त्याला राग येतोय. दमून जाईल बिचारा, चोचही दुखावेल. गाडी उभी केली की आरशांवर कापड नाहीतर जुना पायमोजा चढवा.


परडंकरीण | शनिवार, सकाळी ९:३०

दोन्ही आरशांना पायमोजे घातले. आता तो शेजारच्या काकांच्या बुलेटवर गेलाय, आणि काका विचारत आले होते की तुमचा पक्षी आमच्यात का येतोय.